पेनांगची खू कोंगसी: परदेशातल्या एका चिनी भावकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलेशियात पेनांगला जाणारे बरेचसे पर्यटक खू कोंगसीचं नक्षीदार छप्पर बघतात, चार फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याची नोंद 'चायनीज टेंपल' एवढीच असते. त्या छपराखाली जी संस्था जवळपास दोनशे वर्षं टिकून आहे, ती मला छपराहून मोलाची वाटते. परक्या मुलुखात माणसं एकमेकांना धरून कशी राहतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे तिच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

खू कोंगसी हे मंदिर आहे की संस्था?

दोन्ही. खू हे आडनाव आणि कोंगसी म्हणजे सामायिक मालकीची संस्था. पूर्ण नाव 'लेओंग सान तोंग खू कोंगसी'. जॉर्ज टाउन शहरात कॅनन स्क्वेअर नावाचा एक फरसबंदी चौक आहे, तिथे तिची मुख्य वास्तू उभी आहे. वास्तूत देवांचं दालन आहे, पितरांचं दालन आहे. समोर चिनी संगीत नाटकांसाठी कायमचा रंगमंच आहे आणि चौकाभोवती संस्थेच्याच मालकीच्या घरांच्या रांगा आहेत. देव, पितर, नाटक, बिऱ्हाडं आणि कचेरी हे सगळं एका आवारात. विश्वस्त मंडळ आहे, सभासदांची नोंद आहे, भाड्याचं उत्पन्न आहे. आपण 'भावकी' म्हणतो तिला घटना, दप्तर आणि स्थावर मालमत्ता मिळाली तर जे तयार होईल, ते म्हणजे कोंगसी.

हे लोक चीनमधून कुठून आले आणि का?

दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातल्या सिन कांग या गावातून. हे गाव आता शियामेन शहराच्या हायत्सांग भागात येतं. समुद्र जवळ, शेतजमीन तुटपुंजी आणि दर्यावर्दी व्यापाराची जुनी सवय, त्यामुळे फुजियानचे लोक पिढ्यान् पिढ्या आग्नेय आशियात ये-जा करत होते. त्यांच्या बोलीला होक्किएन म्हणतात.

१७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी पेनांग बेट ताब्यात घेतलं. बंदर खुलं होतं, व्यापारावर जाचक कर नव्हते, आणि झाडं तोडून जमीन लागवडीखाली आणायला माणसं हवी होती. चिनी, तमिळ, गुजराती, अरब, आचेनी, बर्मी, आर्मेनियन अशी सगळ्या दिशांची माणसं तिथे आली. पुढे समोरच्या मुख्य भूमीवर पेराकच्या लारूत भागात कथिलाच्या खाणी सुरू झाल्या आणि चिनी मजुरांचा ओघ फार वाढला.

पण एकाच आडनावाची माणसं एकत्र आली ती का? नुसतं 'चिनी' असणं पुरेसं नव्हतं?

नव्हतं, आणि हा मुद्दा समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. त्या काळच्या पेनांगमध्ये 'चिनी' अशी एकसंध जमात नव्हती. होक्किएन बोलणाऱ्याला कॅन्टोनी बोली कळत नव्हती, हक्का बोलणारा दोघांनाही परका. चीनचं बादशाही सरकार परदेशी गेलेल्यांकडे संशयाने पाहायचं. तिथल्या कायद्याने देश सोडून जायला १८९३ पर्यंत बंदी होती, मग परदेशात अडकलेल्या प्रजेला मदत करायचा प्रश्नच नव्हता. इंग्रजांना व्यापार आणि महसूल यांत रस होता. बोटीतून उतरलेल्या मजुराला आजारपणात कोण पाहील, भांडण झालं तर न्याय कोण देईल, मेला तर पुरेल कोण, यांतल्या कशाचीही जबाबदारी सरकारने घेतलेली नव्हती.

अशा वेळी माणूस ओळख शोधतो. बोली तीच, गाव तेच, आडनाव तेच, म्हणजे मूळ पुरुषही एकच. त्याच्यावर भरवसा ठेवता येतो, कारण त्याने फसवलं तर गावाकडे त्याच्या घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. उधारी, नोकरी, जामीन, लग्न, सगळं या भरवशावर चालायचं. नव्याने उतरलेल्या माणसाला तिथे 'सिनखे' म्हणत. त्याला पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा आणि दुसऱ्या दिवशी काम, हे आडनावाच्या ओळखीवर मिळायचं. गावाकडे पैसे आणि पत्र एकाच लखोट्यात धाडायची पद्धत होती. तिला 'च्याओफी' म्हणतात. अशा पत्रांचा संग्रह २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाला.

अंत्यविधीचं महत्त्व तर आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलाबाळांशिवाय परमुलुखात मरणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी धास्ती होती ती आपल्या नावाने कुणी उदबत्ती लावणार नाही याची. कोंगसीच्या दालनात त्याच्या नावाची पाटी लागली की ती धास्ती मिटायची. कोंगसीच्या सगळ्या कामांत मला हे काम सर्वांत थोर वाटतं.

संस्था नेमकी कधी सुरू झाली?

१८३५ मध्ये. सिन कांगच्या ग्रामदैवताचा उत्सव करायला पेनांगमधले खू जमले होते. त्या वेळी १०२ जणांनी मिळून ५२८ स्पॅनिश डॉलर उभे केले, असं संस्थेच्या इतिहासात सांगितलं जातं. त्या काळी या भागात स्पॅनिश चांदीची नाणी सर्रास चालत. देवाच्या उत्सवासाठी काढलेली ही वर्गणी हेच संस्थेचं पहिलं भांडवल. पुढे १८५०-५१ च्या सुमारास आजची जागा घेतली गेली आणि तिथल्या जुन्या बंगल्यात कोंगसी भरू लागली.

ग्रामदैवत कोणतं?

ओंग सून या आणि तुआ साय या असे दोन देव. हे मुळात माणसं होते. चौथ्या शतकातल्या पूर्व चिन राजवटीतले मुत्सद्दी शे आन आणि त्यांचा पुतण्या शे श्वान म्हणजेच हे दोघे, असं मानतात. ३८३ मधल्या फेई नदीच्या लढाईत यांच्या बाजूच्या लहान फौजेने उत्तरेकडून आलेल्या प्रचंड सैन्याला मागे रेटलं. गावाचं रक्षण करणारे म्हणून सिन कांगमध्ये त्यांची पूजा सुरू झाली आणि गावकऱ्यांबरोबर ते पेनांगला आले. शेजारच्या दालनात तुआ पेक कोंग हा भरभराटीचा देव आहे. आग्नेय आशियातल्या चिनी वस्त्यांमध्ये त्याची देवळं जागोजाग दिसतात.

खू आडनावाचा कुणीही सभासद होऊ शकतो का?

नाही. मूळ सिन कांगचा असायला हवा आणि पुरुषांच्या वंशावळीतून ते सिद्ध व्हायला हवं. दुसऱ्या गावच्या खूंना ही कोंगसी आपली म्हणता येत नाही. खुद्द सिन कांगच्या खूंमध्येही शाखा आहेत. त्यांतल्या काही शाखांची 'बून सान तोंग' ही वेगळी कोंगसी जॉर्ज टाउनमध्येच व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे.

वंशावळ जपायची त्यांची एक सोपी आणि हुशार पद्धत आहे. एका पिढीतल्या सगळ्या मुलांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायचं. १९व्या शतकातल्या पेनांगमध्ये खू थिअन तेक आणि खू थिअन पो अशी दोन बडी नावं वारंवार भेटतात. दोघांतलं 'थिअन' हे पिढीचं अक्षर. नाव ऐकल्याबरोबर समोरचा माणूस आपल्या बापाच्या पिढीतला की आपल्या बरोबरीचा हे कळायचं आणि त्याला काय म्हणून हाक मारायची तेही.

ही वास्तू गल्लीबोळांच्या आत लपवल्यासारखी का बांधली आहे?

कारण ती लपवायचीच होती. कॅनन स्ट्रीटवरून जाताना बाहेरून फक्त दुकानांची रांग दिसते. मध्येच एक अरुंद बोळ लागतो, त्यातून आत शिरलं की एकदम मोठा चौक उघडतो. आत-बाहेर करायच्या वाटा मोजक्याच. दोन-चार माणसांनी त्या अडवल्या तरी आतली वस्ती सुरक्षित राहायची. सभोवतीच्या घरांत सगळे एका आडनावाचे, त्यामुळे परका माणूस पहिल्या पावलालाच ओळखू यायचा. १९व्या शतकातल्या जॉर्ज टाउनमध्ये अशा रचनेची गरज होती, हे पुढच्या उत्तरातून कळेल.

१८६७ ची दंगल काय होती? कोंगसीचा तिच्याशी संबंध काय?

ऑगस्ट १८६७ मध्ये जॉर्ज टाउनमध्ये सुमारे दहा दिवस उघड लढाई चालली. रस्त्यांवर अडथळे रचले गेले, घरं जाळली गेली. एका बाजूला गी हिन ही मुख्यतः कॅन्टोनी लोकांची गुप्त संघटना आणि तिच्या जोडीला व्हाइट फ्लॅग ही मुसलमानांची संघटना. दुसऱ्या बाजूला होक्किएन लोकांची तुआ पेक कोंग ऊर्फ किअन तेक ही संघटना आणि तिच्या जोडीला रेड फ्लॅग.

म्हणजे ही चिनी विरुद्ध मुसलमान अशी दंगल नव्हती. दोन्ही बाजूंना चिनीही होते आणि मलय-भारतीय मुसलमानही. पांढऱ्या आणि लाल निशाणांची मंडळं मूळची मोहरमच्या मिरवणुकांची. मोहरमच्या काळात त्यांच्यात सुरू झालेल्या बाचाबाचीला चिनी संघटनांच्या वैराची जोड मिळाली. रेड फ्लॅगचे पुढारी सय्यद मोहम्मद अलातास यांचा वाडा आर्मेनियन स्ट्रीटवर, खूंच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होता. मुळाशी पैसा होता: लारूतच्या कथिल खाणींवर ताबा कुणाचा, मजूर कुणाचे, अफूचा मक्ता कुणाचा.

किअन तेकचा म्होरक्या होता खू थिअन तेक, कोंगसीतला वजनदार माणूस. दंगलीतल्या खुनांना चिथावणी दिल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करून तुरुंगवासावर आणण्यात आली. सुटल्यावर तो पुन्हा व्यापारात मोठा झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला, संघटनांना दंड केला आणि त्या पैशातून शहरात पोलिस ठाणी उभारली. गुप्त संघटनांवर पूर्ण बंदी आली ती १८९० मध्ये. कॅनन स्ट्रीटला ते नाव याच दंगलीत डागलेल्या तोफांवरून पडलं, असं पेनांगमध्ये सांगतात.

कोंगसी आणि गुप्त संघटना एकच होत्या का, असंही विचारतात. कागदोपत्री नाही, पण माणसं बरीचशी तीच होती. दिवसा पितरांच्या पूजेला बसणारा माणूस रात्री टोळीच्या बैठकीला असायचा. या संस्थांचं कौतुक करताना हा भाग झाकून ठेवणं मला पटत नाही. जे नातं स्वकीयांना आसरा देत होतं, तेच परक्याच्या दारावर चालून जात होतं.

एवढी श्रीमंती आली कुठून?

व्यापार, जहाजं, मिरी आणि कथिल हे एक अंग. दुसरं अंग मक्त्यांचं. इंग्रज सरकार अफू, दारू, जुगार यांच्या विक्रीचा हक्क लिलावात द्यायचं. जो जास्त बोली बोलेल त्याला ठरावीक मुदतीपुरती मक्तेदारी. पेनांगमध्ये हे मक्ते बहुतांश होक्किएन घराण्यांच्या हाती होते. अफूचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक खाणीतला मजूर. मजुरांना आणणारे, खाणीत लावणारे, त्यांना तांदूळ विकणारे आणि अफू विकणारे पुष्कळदा तेच व्यापारी असायचे. मजुरी एका हाताने दिली की दुसऱ्या हाताने परत यायची.

खू, च्या, येओ, लिम आणि तान या पाच घराण्यांना पेनांगमध्ये 'पाच मोठी आडनावं' म्हणतात. प्रत्येकाची कोंगसी आहे आणि पाचही जुन्या शहरात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांनी आपसांत सोयरिकी केल्या, भागीदाऱ्या केल्या. एकाच आडनावात लग्न निषिद्ध असल्याने सोयरीक दुसऱ्या आडनावातच करावी लागायची आणि तीच धंद्यात उपयोगी पडायची.

संस्था म्हणून कोंगसी टिकली ती मात्र जमिनीमुळे. व्यापारी बुडाले, मक्ते सरकारने काढून घेतले, पण सामायिक नावावर घेतलेली घरं आणि जमिनी राहिल्या. त्यांच्या भाड्यातून उत्सव, शाळा, मदत हे सगळं चालत आलं.

पहिली इमारत देवांच्या कोपाने जळाली हे खरं का?

इमारत जळाली हे खरं. १८९४ मध्ये जुनी वास्तू पाडून भव्य वास्तूचं काम काढलं, ते कित्येक वर्षं चाललं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री तिला आग लागली आणि सगळं गेलं. वास्तू इतकी थाटाची होती की बादशहाच्या महालाशी बरोबरी झाली आणि म्हणून देवांना ते रुचलं नाही, असा समज पसरला. नंतरची वास्तू मुद्दाम थोडी लहान केली. ती १९०६ मध्ये पूर्ण झाली आणि आज आपण पाहतो ती हीच. हिला साधी म्हणायचं तर जळालेली कशी असेल याची कल्पनाही करवत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्बहल्ल्यात हिचंही नुकसान झालं, मग १९५० च्या दशकात आणि पुन्हा शतकाच्या शेवटी मोठी डागडुजी झाली.

आत गेल्यावर काय बघावं?

आधी छपराकडे. त्याचं वजन २५ टन आहे असं सांगतात. छपराच्या कडांवर ड्रॅगन, फुलं, पक्षी, घोडेस्वार यांची दाटी आहे. लांबून ते रंगवलेलं वाटतं. नीट पाहिलं तर तो रंग नसून चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आहेत. या कामाला 'च्येन न्येन' म्हणतात. पातळ, रंगीत झिलईचे वाडगे घ्यायचे, चिमट्याने त्यांचे नखाएवढे तुकडे कापायचे आणि चुन्याच्या ओल्या गिलाव्यात एकेक बसवायचे. वाडग्याला मुळातच गोलाई असते, त्यामुळे तुकडा पाकळीसारखा किंवा माशाच्या खवल्यासारखा किंचित उचललेला बसतो आणि त्यावर ऊन वेगवेगळ्या कोनांतून चमकतं. शंभर वर्षांच्या पावसाने रंग उडाला असता, झिलई मात्र तशीच राहिली आहे.

मग पितरांच्या दालनात जा. लाकडी पाट्या उतरंडीने मांडलेल्या आहेत, सगळ्यात जुने पितर सगळ्यात वर. भिंतींवर सोनेरी अक्षरांचे फलक आहेत, त्यांवर कुळातल्या कुणी कोणती पदवी किंवा मानाचं पद मिळवलं याची नोंद असते. जुन्या फलकांवर चिनी दरबारी पदं आहेत, अलीकडच्यांवर विद्यापीठांच्या पदव्या. देवदालनाच्या भिंतींवर ३६ दिव्य रक्षकांची चित्रं आहेत.

भारतीय माणसाने चुकवू नये अशी एक गोष्ट म्हणजे प्रवेशाजवळचा दगडी शीख पहारेकरी. फेटा, दाढी, सगळं हुबेहूब. इंग्रजी अमलात मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, पोलिस आणि रखवालदार म्हणून शीख मोठ्या संख्येने आले होते. चिनी पेढ्या आणि वाड्यांच्या दारात त्यांना ठेवायची रीत होती. चिनी देवळाच्या दाराशी द्वारपाल म्हणून एका पंजाबी माणसाला दगडात कोरून बसवलंय, इतका तो त्या शहराच्या रोजच्या आयुष्याचा भाग झाला होता.

बायकांना यात जागा होती का?

फारच कमी. वंश बापाकडून मोजायचा, म्हणून मुलगी लग्न होऊन दुसऱ्या आडनावात गेली की हिशेबाबाहेर. सभासद पुरुष, विश्वस्त पुरुष, पितरांच्या दालनातल्या मुख्य विधीचे मानकरीही पुरुषच. पेनांगच्या जुन्या घराण्यांत कित्येक बायकांनी धंदे सांभाळले, कर्ते पुरुष खाणीवर किंवा बोटीवर असताना घरं चालवली, पण फलकांवर त्यांची नावं शोधावी लागतात. आता आग्नेय आशियातल्या बऱ्याच कुलसंस्थांनी स्त्रियांना सभासदत्व द्यायला सुरुवात केली आहे, महिला विभाग काढले आहेत. हे फार उशिरा झालं असं माझं मत आहे. मुलींना दार बंद ठेवलेल्या संस्थांना तरुण सभासद मिळेनासे झाले, यात आश्चर्य नाही.

शिक्षणासाठी काही केलं का?

होय, आणि ते टिकाऊ काम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोंगसीने आपल्या मुलांसाठी शाळा काढली. मलायातल्या इंग्रज सरकारचा भर इंग्रजी आणि मलय शाळांवर होता, चिनी भाषेतलं शिक्षण समाजानेच उभं केलं. त्यात अशा कुलसंस्था आणि प्रांतवार संस्था यांचा वाटा मोठा. आज सभासदांच्या मुलांना परीक्षेतल्या यशाबद्दल बक्षिसं आणि उच्च शिक्षणासाठी मदत मिळते.

या संस्था फक्त पेनांगमध्येच आहेत का?

जिथे जिथे दक्षिण चीनचे लोक गेले तिथे तिथे आहेत. काही आडनावावर, काही जिल्ह्यावर, काही धंद्यावर उभ्या. सिंगापूरमधलं 'निंग येउंग हुई क्वान' १८२२ पासूनचं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्था सोन्याच्या शोधात गेलेल्यांच्या काळातल्या. त्यांची शिखर संघटना 'सिक्स कंपनीज' म्हणून ओळखली जाते. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, तेव्हा वकील देऊन न्यायालयात लढणारी हीच संघटना. अमेरिकेत जन्मलेल्या वोंग किम आर्कला परदेशातून परतताना बंदरात अडवलं, तेव्हा त्याच्या खटल्यामागे ती उभी राहिली. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या भूमीवर जन्मला म्हणून तो अमेरिकेचाच नागरिक. त्याच संस्था कर्ज फेडल्याखेरीज सभासदाला मायदेशी जायचं तिकीट मिळू द्यायच्या नाहीत, हेही तितकंच खरं. मृतांच्या अस्थी गोळा करून हाँगकाँगमार्गे त्यांच्या गावी पोचवायचं कामही त्यांनी अनेक दशकं केलं.

भारतात असं काही आहे का? मुंबईत?

कोलकात्यात बरंच आहे. १७७८ च्या सुमारास तोंग आच्यू नावाच्या व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ जमीन दिली, त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आज अछिपूर म्हणून ओळखलं जातं. कोलकात्याच्या तिरेट्टा बाजारात सी इप, नाम सून, तूंग ऑन अशा संस्थांच्या इमारती आहेत. स्थानिक लोक त्यांना 'चर्च' म्हणतात, पण आहेत त्या देव आणि सभागृह एकत्र असलेल्या चिनी संस्था.

मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच, 'सी यूप कून' नावाची लहानशी जागा आहे. १९१९ ची. शहरातलं एकमेव चिनी देऊळ. ग्वांगदोंग प्रांतातल्या तैशान, शिनहुई, काइपिंग आणि एनपिंग या चार तालुक्यांच्या लोकांनी ती उभारली, म्हणजे आडनावावर नाही, मुलुखावर. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा निष्ठेचा आणि शौर्याचा देव आहे. गोदी जवळ, म्हणून येणारे बरेचसे खलाशी आणि गोदी कामगार.

माझगाव आणि धोबीतलावच्या गोवेकर 'कूड' ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही व्यवस्था लगेच ओळखीची वाटेल. तिथेही बोटीवर जाणाऱ्या-येणाऱ्या खलाशांसाठी गावागावाच्या खोल्या, भिंतीला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, आणि आपल्या गावच्याला अल्प भाड्यात पथारी. एकाच बंदराच्या आसपास, एकाच धंद्यातल्या दोन दूरच्या मुलुखांनी एकाच अडचणीवर जवळपास सारखाच तोडगा काढला.

मुंबईतल्या चिनी समाजाची वस्ती एके काळी कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास होती. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, त्यांत इथेच जन्मलेली मुलंही होती. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. त्या भीतीने अनेक कुटुंबं कॅनडा, हाँगकाँग आणि तैवानला निघून गेली. माझगावच्या देवळात आज चिनी नववर्षाला जमणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांतली असतात, त्यामागे हे कारण आहे. त्या छावणीबद्दल देशाने अजून नीट बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेनांगमध्ये आज कोंगसीचं काम काय उरलंय?

जुनी कामं सरकार, बँका आणि इस्पितळांकडे गेली. १९४९ नंतर चीनशी ये-जा जवळपास थांबली, १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला आणि परत जायची भाषा संपली. उरलं ते पितरांचं स्मरण, वंशावळीचं दप्तर, शिष्यवृत्त्या, मालमत्तेची देखभाल. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग या पितरांच्या सणाला आणि डिसेंबरमध्ये हिवाळी अयनदिनाला सभासद जमतात, पूजा होते आणि मग पंगती उठतात. परदेशी स्थायिक झालेल्या खूंची मुलं आपलं मूळ शोधत येतात, तेव्हा ते दप्तर फार उपयोगी पडतं. २००८ मध्ये जॉर्ज टाउनला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाल्यापासून पर्यटकांच्या तिकिटांचं उत्पन्नही वाढलं.

संस्थेवर टीका होते का?

होते, आणि मुख्यतः जमीनमालक म्हणून. अयर इतमच्या बाजूला 'थिअन तेक इस्टेट' ही कोंगसीची मोठी जमीन होती. १९८० च्या दशकात तिथे विकासकाबरोबर नवी वसाहत उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या त्या जमिनीवर राहून भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांनी उठवलं जाण्याला कडाडून विरोध केला होता. ती कुटुंबंही बहुतांश चिनीच. २००० मध्ये मलेशियातला जुना भाडेनियंत्रण कायदा संपला, तेव्हा जॉर्ज टाउनच्या जुन्या घरांतले असंख्य भाडेकरू बाहेर पडले आणि कोंगसींच्या आवारांतली वस्तीही विरळ झाली. गिरणगाव पाहिलेल्या वाचकांना यातलं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. दगड-लाकूड उत्तम जपलं गेलं, पण दारात बसून भाजी निवडणाऱ्या बायका आणि चौकात खेळणारी पोरं तिथून गेली.

भेट द्यायची तर कशी?

आर्मेनियन स्ट्रीटच्या टोकाला कॅनन स्ट्रीट लागते, तिथून फलक दिसतात. प्रवेशाला तिकीट आहे. सकाळी लवकर गेलात तर गर्दीही कमी असते आणि छपरावरचं काम उन्हात नीट दिसतं. देवळाखालच्या संग्रहालयाला अर्धा तास द्या, वंशावळ आणि स्थलांतराची माहिती तिथेच आहे. पितरांच्या दालनात कुणी पूजा करत असेल तर कॅमेरा खाली ठेवा. नंतर आर्मेनियन स्ट्रीटवरची च्या कोंगसी जरूर पाहा, ती शांत असते. त्याच रस्त्यावर होक तेक चेंग सिन हे देऊळ आहे, एके काळी तुआ पेक कोंग संघटना तिथूनच चालायची. क्रमांक १२० च्या घरात १९१० मध्ये चिनी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांचं ठाणं होतं.